पहाऱ्याची खुर्ची

एकदा एका शिष्याने गुरूच्या गैरहजेरीत एक लाकडी खुर्ची जागची हलवली. केलं ते एवढंच. पण तेवढ्याने एक नांदतं घर कसं विस्कटायला निघालं आणि पुढे काय झालं, त्याची ही हकीकत आहे.

यातले गुरू म्हणजे कोणी जटाधारी साधुपुरुष नव्हेत. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते, आणि त्यांना कोणी गुरुजी म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी चढे. "गुरुजी शाळेत असतात," ते म्हणत, "मला सुभेदार म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका." कृष्णाकाठच्या आपल्या गावी परतल्यावर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. गल्लोगल्ली बंद दारांआड म्हातारी माणसं राहत होती. त्यांना खायला होतं, अंगावर धडसं होतं, पण बोलायला चिटपाखरू नव्हतं. सुभेदारांनी हळदीची एक पडीक वखार मिळवली, स्वतः झाडली, स्वतः तिला सफेदी केली आणि अशा माणसांना बोलावून आणलं. सुरुवातीला भाकऱ्यासुद्धा तेच थापत. त्या भाकऱ्यांविषयी न बोललेलं बरं. पुढे आसपासच्या गावांतही अशी घरं उभी राहिली. फाटकावरच्या पाटीवर एकच शब्द असे, 'घर'.

या घरात एक विलक्षण रीत होती. फाटकाच्या आत कडुनिंबाखाली एक लाकडी खुर्ची असे, आणि दिवसभर तिच्यावर घरातलं कोणी ना कोणी पहाऱ्याला बसलेलं असे. पाळी तासाभराची. नियम मात्र पक्का फौजेतला. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. तो आला, की उभं राहून काय काय दिसलं ते त्याला सांगायचं, गळ्यातली शिट्टी त्याच्या गळ्यात घालायची आणि मगच जायचं. वेळ होऊनही तो आला नाही, तर बसल्या जागेवरून त्याच्या नावाने हाक मारायची. हाकेला ओ आली नाही, तर शिट्टी फुंकायची. शिट्टी वाजली, की घरातल्या प्रत्येकाने हातातलं टाकून त्या माणसाच्या दाराशी धावायचं.

आता पहारेकरी कोण, ते पाहा. एक पोतदार मास्तर. त्यांच्या कानाशी ढोल बडवला, तर ते मागे वळून "काही म्हणालात का?" असं विचारत. मास्तरांनंतर पाळी द्रौपदाआक्कांची. त्यांना फाटकाबाहेर बैल उभा आहे की मोटारगाडी, हे ठरवायला जरा वेळ लागे. अशी ही खडी फौज!

या आक्कांची थोडी ओळख करून द्यायला हवी. त्या कासारीण. जन्मभर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडल्या, घराघरांच्या ओट्यावर बसून लेकीसुनांचे हात भरले. मूलबाळ नव्हतं. नवरा गेला, पुढे पायही थकले आणि ते ओटे सुटले. एकदा त्या लांबच्या आपल्या गावी, राहत्या घरात पाय घसरून पडल्या. दाराला आतून कडी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूधवाल्याला शंका आली, म्हणून दार फोडलं गेलं. आक्का जिवंत होत्या, शुद्धीवर होत्या, पण हाका मारून मारून त्यांचा आवाज गेला होता. ही बातमी कळली तेव्हा सुभेदार स्वतः गेले आणि त्यांना घेऊन आले. आवाज पुढे परत आला. भलताच परत आला, असं मास्तर सोडून सगळेच म्हणत.

शिष्याचं नाव दिगंबर. शहरात समाजकार्याचं शिक्षण घेतलेला, सालस, मेहनती तरुण. आईवडील पाठोपाठ गेले, त्यानंतर सुभेदारांचं नाव ऐकून तो इथे आला आणि घराचा सगळा कारभार पाहू लागला. कोणाची गोळी कधीची, कोणाला मीठ वर्ज्य, सगळं त्याला तोंडपाठ. स्वतःचं ताट मात्र तो कार्यालयात मागवून घेई आणि काम करता करता एकटाच जेवे.

त्याला या पहाऱ्याचं प्रयोजन काही केल्या समजेना. एकदा त्याने विचारलंच, "सुभेदार, समजा खरंच चोर आला, तर आक्का काय करणार?"

"बांगड्या भरतील त्याला," सुभेदार म्हणाले आणि हातातल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्याच सुमारास घाटमाथ्यावरच्या एका गावात नवं घर व्हायचं घाटत होतं, आणि ते दिगंबरच्या हाती सोपवावं असं सुभेदारांच्या मनात होतं. त्यांनी त्याला विचारलं, "तिथं गेल्यावर पहिल्यांदा काय करशील?" दिगंबरने झरझर सांगितलं. खाटा, औषधांचं कपाट, न्हाणीघरात धरायला दांड्या, महिन्याला डॉक्टरांची फेरी. सुभेदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "यातलं एकही चुकीचं नाही," ते म्हणाले. "पण अजून थोडा थांब." दिगंबरला ते लागलं. कुठे कमी पडलो, हे त्याला कळेना आणि विचारायचा धीर होईना.

मग सुभेदार त्या नव्या जागेची डागडुजी पाहायला घाटावर गेले, आणि इकडे गावातले एक हळदीचे व्यापारी घर पाहायला आले. माणूस दानशूर, मनाने हळवा. फाटकातून आत येतात तो समोर खुर्चीवर द्रौपदाआक्का. आक्कांनी डोळे बारीक करून दरडावलं, "कोण हाय? नाव सांगा आधी!" शेटजी गडबडून गेले. आत येऊन दिगंबरला म्हणाले, "अहो, या वयात या माउलीला राखणीला बसवता? जन्मभर राबलीच ना ती? आता तरी तिला स्वस्थ बसू द्या. मी माणूस पाठवतो."

दिगंबरच्या मनातलंच कोणी बोलून दाखवावं, तसं झालं. दोन दिवसांत टोपी आणि गणवेश घातलेला धट्टाकट्टा रखवालदार हजर झाला. दिगंबरने सगळ्यांना एकत्र बोलावून जाहीर केलं, "आजपासून तुम्ही मोकळे. आता कसलीही पाळी नाही, पहारा नाही. निवांत राहा." मास्तरांना ते तीनदा सांगावं लागलं, पण कळल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. लाकडी खुर्ची अडगळीच्या खोलीत गेली. तिच्या पाठीला दिगंबरने शिट्टी अडकवून ठेवली, कारण तो नीटनेटका माणूस होता.

पहिले काही दिवस सगळे खुशीत होते. दुपारी उशिरापर्यंत झोपा होऊ लागल्या. मग कोणी म्हणालं, जेवण खोलीतच आणून दिलं तर बरं. कोणी संध्याकाळीही दार लोटून पडून राहू लागलं. रखवालदार आपलं काम चोख करी. आक्का फाटकाकडे येताना दिसल्या, की तो अदबीने म्हणे, "आजी, आत बसा, ऊन लागेल." घरात इतकी शांतता पसरली, की दिगंबरला वाटलं, हेच तर हवं होतं. सुभेदार येऊन पाहतील आणि म्हणतील, जा आता घाटावर.

आणि एके दुपारी आक्का आपल्या खोलीत पाय मुरगळून पडल्या.

फार लागलं नव्हतं. पण उठता येईना. त्यांनी हाका मारल्या. शेजारच्या खोलीत मास्तर होते, त्यांना काय ऐकू येणार? बाकीची दारं बंद. स्वयंपाकाच्या बाईंना वाटलं, झोपल्या असतील. दिगंबर कार्यालयात मान खाली घालून कामात होता. दिवेलागणीला खोलीत दिवा लावायला बाई गेल्या, तेव्हा आक्का जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. त्यांनी हाका मारणं केव्हाच थांबवलं होतं.

दिगंबर धावला. डॉक्टर आणले, पाय शेकला, रात्री उशाशी बसला, हात जोडून क्षमा मागितली. आक्का त्याच्यावर रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझी काय चूक न्हाई बाळा, तू चांगलाच हायस. पण तिकडं पडले तरी कुणाला ठावं न्हाई, आन् इथं पडले तरी कुणाला ठावं न्हाई. मग माझं घर काय वाईट? निदान ते माझं तरी हाय." पाय जमिनीवर टेकता येऊ लागला तसं त्यांनी बोचकं बांधायला घेतलं. जेवण जवळजवळ सोडलंच. दिगंबरने गयावया केली, बाईंनी डोळ्यांत पाणी आणलं. आक्का ऐकेनात. शुक्रवारच्या संध्याकाळच्या एसटीने जायचं, हे त्यांनी पक्कं केलं. त्या रिकाम्या घरात, आतून कडी लावलेल्या दाराआड पुढे काय होणार, हे दिगंबरला लख्ख दिसत होतं. त्याची झोप उडाली.

शुक्रवारी सकाळीच सुभेदार परतले. दिगंबरने काहीही न लपवता सगळं सांगितलं. आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. सुभेदारांनी विचारलं, "खुर्ची कुठाय?"

त्यांनी खुर्ची स्वतः उचलून आणली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि कडुनिंबाखाली मांडली. शिट्टी गळ्यात घातली आणि बसले. रखवालदार बिचारा बाजूला अवघडून उभा राहिला. सुभेदार म्हणाले, "ही पाळी माझी. माझ्यानंतर आक्का."

तासाभराने त्यांनी खड्या आवाजात हाक दिली, "द्रौपदाआक्काऽ! पाळी!"

आतून तेवढ्याच खड्या आवाजात उत्तर आलं, "मी न्हाई आता तुमच्या पाळीतली! मी चालले!"

ओ आली, म्हणजे शिट्टीचं कारण नव्हतं. सुभेदारांनी मान हलवली आणि बसून राहिले.

दिगंबरला काही उमजेना. "सुभेदार, तुम्ही आत जा ना. त्यांची समजूत काढा. तुमचं ऐकतील त्या."

"समजूत तू काढलीसच की."

"मग मी बसतो इथे. तुम्ही प्रवासातून आलात, घासभर खाऊन तरी घ्या."

"तुझी पाळी आहे का?"

"नाही."

"मग?"

ऊन वर चढलं. कडुनिंबाची सावली सरकत सरकत खुर्ची सोडून गेली आणि म्हातारा उन्हात आला. बाईंनी जेवायला बोलावलं, तर "बदलीचा माणूस आल्यावर" एवढंच उत्तर. सुभेदारांच्या एका गुडघ्यात फौजेतली जुनी दुखापत होती. फार वेळ बसलं, की तो गुडघा लाकडासारखा होई, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. एकेक दार उघडू लागलं. खिडक्यांत माणसं आली. मास्तर व्हरांड्यात येऊन उभे राहिले आणि काय चाललं आहे ते सगळ्यांना विचारू लागले. दिगंबरला आता सुभेदारांचाही राग आला. हा कसला हट्ट? एक म्हातारी घर सोडून निघाली आहे आणि हे खुर्ची धरून बसलेत!

एसटीची वेळ झाली. काखेत बोचकं आणि हातात काठी घेऊन आक्का लंगडत अंगणात आल्या. बाहेर पडायचं तर वाट फाटकातूनच. खुर्चीजवळ आल्यावर त्यांनी डोळे बारीक केले.

"सकाळपास्नं इथंच बसलाय म्हनं? जेवला न्हाई?"

"नाही."

"का? अंगात आलंय का तुमच्या? तो गुडघा बघा केवढा सुजलाय! उठा!"

"पाळी तुमच्या नावाची आहे, आक्का. तुम्ही आल्याशिवाय मला कसं उठता येईल?"

"मी चालले म्हनून सांगितलं न्हवं?"

"सांगितलंत. जा की, मी कुठं अडवलंय? मी बसतो."

"किती येळ बसणार?"

"तुम्ही येईपर्यंत."

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "आन् मी आलेच न्हाई तर?"

"तर हाक मारीन," सुभेदार म्हणाले. "तुमचं गाव लांब आहे, पण मारीन हाक. ओ आली नाही, की शिट्टी. मग आहेच आम्हा सगळ्यांना धावणं."

आक्कांचा चेहरा हलला. काखेतलं बोचकं खाली सरकलं ते त्यांनी सरकू दिलं. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि एकाएकी त्या अशा काही कडाडल्या, की फाटकावरची चिमणी उडाली. "काय मेलं वागणं हे! म्हातारपणी उन्हात बसून जीव द्यायचाय का? उठा म्हनते ना! आले मी. सांगा, काय काय दिसलं?"

सुभेदार खुर्चीचे हात धरून कष्टाने उभे राहिले. ताठ झाले. "एक दूधवाला गेला. कुंभारांची सून माहेरी गेली, डोळे रडलेले होते. पोस्टमन आला, पत्र नाही. पहारा ठीक."

"घेतला," आक्का म्हणाल्या. त्यांनी शिट्टी गळ्यात घातली आणि खुर्चीवर बसून काठी मांडीवर आडवी ठेवली. "कुंभारांची धाकटी का थोरली?" त्यांनी विचारलं. एसटी फाटकासमोरून गेली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तरी बैलगाडीच वाटली असती.

दिगंबरने सुभेदारांना धरून स्वयंपाकघरात आणलं. बाईंनी ताट वाढलं. दोन घास पोटात गेल्यावर सुभेदार म्हणाले, "दिगंबर, या घरात चोराने न्यावं असं आहे काय? चोरासाठी तो पहारा नव्हताच. मी बर्फातल्या चौकीवर उभा राहिलोय. थंडी सोसते, भूक सोसते. बदलीचा माणूस आता येतच नाही असं वाटलं, की मग मात्र जवान खचतो. आणि खालून येणारा तरी तो चढ कशाच्या जोरावर चढतो? वर कोणीतरी माझ्यासाठी खोळंबलंय, एवढ्याच जोरावर. तू या माणसांना विश्रांती दिलीस. विश्रांती त्यांच्यापाशी आधीच ढिगाने होती रे, तिलाच तर कंटाळून ती इथं आली. त्यांना हवं होतं ते एवढंच, की मी वेळेवर गेलो नाही तर कोणीतरी अडून बसेल आणि माझ्या नावाने ओरडेल. भोवती माणसं आहेत म्हणून कोणाचं एकटेपण जात नाही. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय, हे कळलं की जातं."

दिगंबरने त्यांच्या वाटीत ताक ओतलं आणि म्हणाला, "हे आधीच सांगितलं असतंत तर?"

"तर तू ते लिहून घेतलं असतंस," सुभेदार म्हणाले. त्यांनी ताक पिऊन वाटी खाली ठेवली. "आणि ऐक. उद्यापासून आक्कांनंतर तुझी पाळी."

"माझी? पण मी तर कारभार पाहतो."

"तुला आजवर वगळलं, ही माझी चूक झाली."

रखवालदाराने दारातून विचारलं, "आणि साहेब, मी?" सुभेदारांनी त्याला आत बोलावून शेजारी पाट मांडायला लावला. "तू आधी जेव. चोरांसाठी पहारा लागतो तो रात्री. तो तुझा."

पुढे काही दिवसांनी शेटजी पुन्हा आले. घाटावरचं घर दिगंबरच्या हाती द्यायचं ठरलं होतं आणि त्यासाठी काय काय लागेल ते शेटजींना जाणून घ्यायचं होतं. कार्यालयात बसून बोलणं चाललं होतं. "बोला," शेटजी म्हणाले, "तिथं पहिल्यांदा काय पोचवू? खाटा?"

"फाटकापाशी ठेवायला एक खुर्ची," दिगंबर म्हणाला. "खाटा मागाहून आल्या तरी चालतील."

शेटजी त्याच्याकडे पाहतच राहिले. ते काही विचारणार, तेवढ्यात बाहेरून अशी हाक आली, की खिडकीची तावदानं थरारली.

"दिगंबराऽऽ! अरे ए दिगंबराऽऽ! कुटं उलथलास?"

रस्त्यावरून जाणाऱ्या एका भाविकाने ते नाव ऐकून चक्क हात जोडले. दिगंबरने मात्र घड्याळाकडे पाहिलं आणि तो ताडकन उठला. आई गेल्यापासून असं रागाने, हक्काने त्याच्या नावाने कोणी ओरडलं नव्हतं. इतके दिवस आपण या घरात कार्यालयाचं दार लोटून एकटेच जेवत होतो, हे त्याला त्या हाकेने कळलं.

"काय झालं हो?" शेटजी घाबरून म्हणाले. "कोण ओरडतंय?"

"माझ्यासाठी खोळंबल्यात त्या," दिगंबर म्हणाला आणि पायांत चपला न घालताच अंगणात धावला.